प्रवासातील फाइल हस्तांतरण

प्रवासातील फाइल हस्तांतरण म्हणजे घर किंवा कार्यालयाबाहेर असताना एका वैयक्तिक संगणकातील मोठ्या आकाराच्या फाइली (संचिका) दुसऱ्या वैयक्तिक संगणकावर नेण्याची प्रक्रिया होय. चित्रफिती, ध्वनिमुद्रणे, मूळ स्वरूपातील छायाचित्रे आणि संशोधनासाठी केलेल्या नोंदी यांचा एकत्रित आकार शेकडो गिगाबाइट असू शकतो. प्रवासात अशा माहितीची अनेकदा एकच प्रत उपलब्ध असते. हस्तांतरण अपूर्ण राहिले असताना मूळ फाइल पुसली गेल्यास ती माहिती कायमची नष्ट होऊ शकते. त्यामुळे या प्रक्रियेत वेगाइतकेच महत्त्व पडताळणीला आहे.

वेग आणि वेळ

जोडणीचा वेग सामान्यतः बिटमध्ये, तर फाइलचा आकार बाइटमध्ये सांगितला जातो. १ बाइट म्हणजे ८ बिट. त्यानुसार १०० गिगाबाइट माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाने अपलोड करण्यास २२ तासांहून अधिक वेळ लागतो. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या इथरनेट केबलवरून हेच काम तत्त्वतः सुमारे १३ मिनिटांत होते. प्रत्यक्षात डिस्कची क्षमता आणि फाइलींची संख्या यांमुळे अधिक वेळ लागतो. एका मोठ्या फाइलपेक्षा त्याच एकूण आकाराच्या हजारो लहान फाइलींची प्रत करण्यास जास्त वेळ लागत असल्याने त्या आधी एकाच संग्रह-फाइलमध्ये बांधून घेतल्या जातात.

पद्धती

केबलने थेट जोडणी: दोन संगणक इथरनेट केबलने थेट जोडता येतात. जुन्या संगणकांसाठी ‘क्रॉसओव्हर’ प्रकारची केबल लागत असे. गिगाबिट इथरनेट असलेल्या संगणकांना साधी केबल चालते. मध्ये राउटर नसल्यास संगणक १६९.२५४ ने सुरू होणारे तात्पुरते पत्ते स्वतःच घेतात व सामायिक फोल्डरमधून फाइली पाठवता येतात. दोन्ही टोकांना सारखीच चपटी जोडणी असलेली साधी यूएसबी केबल मात्र या कामासाठी वापरू नये. तिच्यामुळे यंत्रांना इजा होऊ शकते.

बिनतारी जोडणी: दोन्ही संगणक एकाच वाय-फाय जाळ्यावर असल्यास महाजालाची गरज नसते. मात्र हॉटेल, विमानतळ अशा ठिकाणच्या जाळ्यांवर सुरक्षेसाठी ग्राहकांची यंत्रे बहुधा एकमेकांपासून विलग ठेवलेली असतात. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट उपयोगी पडतो. त्यावरील दोन संगणकांमधील थेट देवाणघेवाण सहसा मोबाइल डेटातून मोजली जात नाही.

बाह्य साधन: पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर प्रत करून ती दुसऱ्या संगणकाला जोडणे ही सर्वांत रुळलेली पद्धत आहे. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट आहे. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क चालू असताना हादरा बसल्यास बिघडू शकते. म्हणून धावत्या वाहनात एसएसडी अधिक सुरक्षित ठरते.

महाजालावरून: दोन संगणक वेगवेगळ्या गावी असल्यास क्लाउड साठवण किंवा आरसिंकसारखी साधने वापरली जातात. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले आरसिंक फाइलचा केवळ बदललेला भाग पाठवते. योग्य पर्याय निवडल्यास खंडित झालेले काम पुन्हा सुरुवातीपासून करावे लागत नाही.

फाइलप्रणालीच्या मर्यादा

अनेक पेन ड्राइव्हवर फॅट३२ ही फाइलप्रणाली असते. तिच्यात ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल साठवता येत नाही. साधनावर जागा शिल्लक असूनही प्रत नाकारली जाते. एनटीएफएस प्रणालीची डिस्क मॅकओएसवर मूलतः वाचता येते, परंतु तिच्यावर लिहिता येत नाही. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सच्या अलीकडील आवृत्त्यांवर चालणारी एक्सफॅट प्रणाली यामुळे सोयीची ठरते. फाइलप्रणाली बदलताना साधनावरील आधीची माहिती पुसली जाते.

पडताळणी आणि सुरक्षितता

फाइलचे नाव व आकार जुळला म्हणजे प्रत अचूक झाली असे होत नाही. एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने दोन्ही फाइलींचे हॅश काढून ते तंतोतंत जुळतात का, हे पाहिले जाते. प्रत पूर्ण झाल्याचा संदेश दिसल्यानंतरही काही माहिती संगणकाच्या स्मृतीत लिहिण्याच्या प्रतीक्षेत असू शकते. त्यामुळे साधन काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ आज्ञा देणे आवश्यक असते. हस्तांतरण चालू असताना लॅपटॉप निद्रावस्थेत जाऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते. साधन हरवल्यास माहिती इतरांना वाचता येऊ नये म्हणून ती कूटबद्ध केली जाते आणि दोन प्रती दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवल्या जातात.

उल्लेखनीय उदाहरण

मोठ्या प्रमाणावरील माहितीसाठी प्रत्यक्ष वाहतूक आजही जाळ्यापेक्षा वेगवान ठरू शकते. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप प्रकल्पाने एप्रिल २०१७ मध्ये केलेल्या निरीक्षणांची माहिती अनेक पेटाबाइट होती. तिच्या हार्ड डिस्क विमानाने अमेरिका व जर्मनीतील केंद्रांकडे नेण्यात आल्या. दक्षिण ध्रुवावरील डिस्कना तेथील हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत थांबावे लागले. या माहितीवरून तयार झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले.