जोते, खांब आणि अडकित्ते : पायी पाहायचे जुने पुणे

जुन्या पुण्यातील वाड्यांची बांधणी साधारण एकाच पद्धतीची असे. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर विटांच्या भिंती आणि सागवानी लाकडाचा सांगाडा. आगीने आणि पावसाने वरचे लाकूड नेले, जोते तेवढे उरले. त्यामुळे इथल्या वास्तू सुट्या सुट्या पाहिल्या तर अपुऱ्या वाटतात. एका ठिकाणी जे हरवले आहे ते दुसऱ्या वाड्यात किंवा संग्रहालयात सापडते, म्हणून पाहण्याचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि पेठांत गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा पायी जाणेच सोयीचे.

सुरुवात नदीपलीकडे, जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वरापासून करावी. आठव्या शतकाच्या सुमाराचे, राष्ट्रकूट काळातील हे शिवमंदिर बांधलेले नाही, बेसॉल्टच्या खडकात वरून खाली कोरत नेलेले आहे. समोरचा नंदीमंडप गोल आहे. जाडजूड चौकोनी खांबांवर छत्रीसारखे सपाट छत, आणि सगळे त्याच खडकातून काढलेले. आतले काम अर्धवट राहिले आहे.

शिवाजी पूल ओलांडला की शनिवारवाडा येतो. पहिल्या बाजीराव पेशव्याने १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतले महाल भस्मसात झाले. तटाला पाच दरवाजे आहेत. त्यांतील दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीची धडक रोखण्यासाठी ठोकलेले अणकुचीदार खिळे जवळून पाहावेत, आणि वर नगारखान्याचे लाकूडकामही. आत मात्र हिरवळ आणि जोत्यांच्या ओळी. पुष्कळ लोक ‘इथे काही नाही’ म्हणत परततात, हे वाईट वाटण्याजोगे आहे. कारण जोत्यांच्या कडेने चालले तर चौक कुठे होता आणि दालने किती लांब होती, हे पायांनी मोजता येते. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजेही आहे. त्याला लागणाऱ्या पाण्याची सोय आधीच झालेली होती : नानासाहेब पेशव्याच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आणले गेले. उतारावर वाहत ते पेठांतील हौदांपर्यंत पोहोचत असे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला तो याच वाड्यात.

जवळच लाल महाल आहे. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो मूळ महाल आता नाही. आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली आहे, हे ध्यानात ठेवून ती पाहावी. जिजाऊंच्या नावाशी जोडलेले ग्रामदैवत कसबा गणपती तिथून काही पावलांवर.

मग अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांवरून बाजीराव रस्त्याने दक्षिणेला चालावे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा रस्त्यालगतच आहे. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर एकेकाळी काय उभे असेल, याचा अंदाज इथे येतो. सुरूच्या आकाराचे निमुळते खांब आहेत आणि खांबांच्या माथ्याशी केळफुलाचे कोरीव काम. वाड्यांत खांब जमिनीत रोवत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा करत, म्हणजे ओल लाकडात चढत नसे. आग मात्र तळखड्याने थांबत नाही. १८७९ मध्ये या वाड्याचाही काही भाग जळाला आणि पुढे दुरुस्त झाला. १८२१ मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली ती इथेच.

खांब कळले, पण घरातली माणसे काय वापरत होती? त्याचे उत्तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात मिळते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या, आणि बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तलवारींपुढे गर्दी होते, पण खरा वेळ अडकित्ते, दिवे, दौती आणि पितळी वज्र्यांना द्यावा. टाच घासायची वज्रीसुद्धा प्राण्या-पक्ष्यांच्या आकारात घडवलेली दिसते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही इथे आणून पुन्हा उभे केले आहेत.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीसाठी वेगळी सकाळ ठेवावी. अठराव्या शतकाच्या मध्यात गोसाव्यांनी बांधलेले हे काळ्या दगडाचे मंदिर आकाराने लहान आहे. मूर्तीला तीन सोंडा आणि वाहन मोर. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई कोरले आहेत. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगालवर बसवलेल्या पकडीचे ते चित्र असावे, असा अर्थ लावला जातो. पेशव्यांच्या शहरातील या मंदिरात संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. खाली तळघरात गोसाव्यांची समाधी आहे. तिथे एरवी पाणी साचलेले असते. गुरुपौर्णिमेला ते उपसून तळघर दर्शनासाठी उघडतात.