पाकट दिसला तर घाबरू नका, पण पायही ठेवू नका!



मालवण-तारकर्लीला आलेला पाहुणा आता मासे खाऊन परत जात नाही, त्याला समुद्राखाली जाऊन मासे बघायचेही असतात. आपल्या कितीतरी ताई घरी पाहुणे ठेवतात, कुणाचे मालक किंवा मुलगे स्कूबाच्या बोटीवर आहेत. मागच्या बैठकीत एका ताईंनी मोबाईलवर पाकटाचा व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "मॅडम, ह्यो मासो चावता काय?" म्हणून हा लेख.

पाकट चपटा असतो. वाळू अंगावर ओढून तो तळाशी पडून राहतो. तोंड खालच्या बाजूला, म्हणून डोळ्यांमागच्या दोन भोकांतून तो श्वासासाठी पाणी घेतो. वाळूत फक्त डोळे दिसतात. तो पाठलाग करून चावायला येत नाही. पण पाय पडला किंवा वरून कुणी दाबलं, की शेपटीवरचा विषारी काटा मारतो.

गिटारमासा पुढून पाकटासारखा आणि मागून मुशीसारखा दिसतो. त्याच्या शेपटीला विषारी काटा नसतो. मुशी, पाकट आणि गिटारमासा हे एकाच गटातले. त्यांच्या अंगात हाडं नसतात, कुर्चा असते. आपल्या कानाचा वरचा भाग कसा वाकतो, तशी.

पाहुण्यांना एवढं सांगा
- मासा दिसला तर लांबूनच बघा. हात लावू नका, शेपटी धरू नका.
- त्याच्या बरोबर वर पोहू नका आणि चारी बाजूंनी घेरू नका. त्याला निघून जायला वाट ठेवा.
- तळावर उभे राहू नका.

हे आपल्यासाठी
गुडघाभर पाण्यात शिंपल्या काढताना किंवा रापण ओढताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चला. चाहूल लागली की पाकट स्वतःच निघून जातो.

आपल्या एका ताईंना असाच काटा लागला. त्यांनी वर घट्ट दोरी बांधली, जखमेवर चुना लावला आणि दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेल्या. पाय सुजला, पंधरा दिवस मजुरी बुडाली. दोरी आणि चुना दोन्ही चूक. जखम धुवा, मग पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवा. उष्णतेने वेदना कमी होतात. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून तपासावं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. त्यानंतर दवाखान्यात जायचंच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपटू नका, तसंच ताबडतोब रुग्णालयात न्या.

सोडून का द्यायचं?
बांगडा हजारोंनी अंडी घालतो. पाकट आणि गिटारमासा थोडीच जिवंत पिल्लं देतात, आणि ती वयात यायला वर्षं लागतात. एक पोटुशी मादी जाळ्यात गेली की पुढची पिढीही गेली. मोठा गिटारमासा आणि करवत मासा यांना 2001 पासून वन्यजीव कायद्यात सर्वात कडक संरक्षण आहे. ते पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, मग ती टोपली आपल्या डोक्यावर असली तरी.

"पण जाळं कापलं तर भरून कोण देणार?" हा प्रश्न रास्त आहे. असा संरक्षित मासा जाळं कापून सोडला, तर नुकसानभरपाई म्हणून 25,000 रुपयांपर्यंत मिळण्याची राज्य सरकारची योजना आहे. त्यासाठी जाळ्यातल्या माशाचे आणि सोडतानाचे फोटो लागतात. अर्ज कसा करायचा ते कांदळवन कक्षात किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. फॉर्म भरायला अडलं तर मला बैठकीत सांगा, आपण मिळून भरू.

आज घरी गेल्यावर एवढं करा: बोटीवर जाणाऱ्याला "आधी फोटो, मग सुरी" हे सांगा. आणि पाण्यात उतरताना स्वतःचे पाय घासत चला.