शरीरातील दवंडी आणि एचआयव्हीचे औषध

मंडळी, गावात दवंडी पिटली की माणसे कामाला लागतात. आपल्या शरीरातही अशी दवंडी असते, बरे का! रोगाचा जंतू आत शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशी काही प्रथिने सोडतात. ‘उठा, वाढा, लढा’ असा निरोप ती इतर पेशींना पोहोचवितात. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्युकिन-२ हे त्यांतलेच एक.

आता या दवंडीचा औषधाशी संबंध काय? एचआयव्हीवरचे पहिले औषध झिडोव्ह्युडिन. अमेरिकेत त्याला १९८७ साली मान्यता मिळाली. हे औषध म्हणजे दळणाचे धान्य समजा. पेशीत गेल्यावर त्याला फॉस्फेटचे तीन गट जोडले गेले, तरच ते विषाणूची वाढ अडविते. ही गिरणी वाढत्या पेशीत जोरात चालते, झोपलेल्या पेशीत मंद. पण जाग्या पेशीत विषाणूही फोफावतो! १९८९ साली प्रयोगशाळेत हेच दिसले. जीएम-सीएसएफ या सायटोकाइनमुळे मॅक्रोफेज नावाच्या पेशींत विषाणू जास्त वाढला आणि औषधाचा जोरही वाढला. दवंडी अशी दुधारी आहे.

मग गोळ्यांच्या जोडीला दवंडीच टोचली तर? तेही करून पाहिले. इंटरल्युकिन-२ च्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मिळून सुमारे ५,८०० रुग्ण होते. निम्म्यांना गोळ्या आणि इंटरल्युकिन, बाकीच्यांना नुसत्या गोळ्या. इंटरल्युकिन घेणाऱ्यांच्या सीडी-४ पेशी वाढल्या खऱ्या, पण एड्सचे आजार व मृत्यू काही कमी झाले नाहीत. गुरुजींना हे चटकन पटेल. पटावर मुले वाढली, म्हणजे ती शिकली असे थोडेच?

यातून आपण काय घ्यायचे? झोपलेल्या पेशींत विषाणू दडून बसतो. गोळ्या त्याची वाढ रोखतात, पण त्याला तिथून हुसकावून लावत नाहीत. गोळी थांबली आणि दवंडीने ती पेशी जागी झाली, की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. तेव्हा कोणी म्हणाले, ‘सीडी-४ चा आकडा चांगला आला, आता गोळी कशाला?’ तर त्याला ही दवंडीची गोष्ट सांगा. आपल्या देशात सरकारी केंद्रांतून २००४ पासून हे औषध मोफत मिळते. ते रोज, ठरल्या वेळी घ्यायचे. डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसही सोडायचे नाही.