ऑर्किड कुजतं ते बुरशीआधी कुंडीमुळे

मोशी-वाकडच्या बाल्कनीत ऐन पावसाळ्यात ऑर्किडची पानं सुरकुतली, की झाड तहानलंय असं वाटतं आणि आणखी पाणी घातलं जातं. कुंडी ओली आणि पानं मात्र लुळी असतील, तर मुळं कुजली आहेत असं समजावं. पाणी वर चढवणारंच कोणी उरलेलं नसतं.

झाड उपटून मुळं चिमटीत दाबून बघा. टणक ते जिवंत. साल निसटून आत नुसता दोरा उरला असेल तर ते मेलेलं. चंदेरी-पांढरी मुळं बुरशी समजून घासणारेही आहेत. तो व्हेलामेनचा थर, पाणी शोषणारा. भिजला की मूळ हिरवं दिसतं.

बुरशीशी तर ऑर्किडचं जन्माचं नातं. धुळीसारख्या बियांत अन्नसाठा जवळपास नसतो, म्हणून रानात त्या बुरशीच्या मदतीनेच रुजतात. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी हे १८९९ मध्ये दाखवलं. सह्याद्रीतली सीतेची वेणीही ऑर्किडच. ती पावसात चिंब भिजते, पण तिची मुळं झाडाच्या सालीवर उघडी असतात, वाऱ्याने सुकतात. आपण तिच्या भाऊबंदांना कोकोपीटमध्ये गाडतो. मावळच्या पॉलिहाऊसमध्ये जरबेऱ्याला ते मानवतं, ऑर्किडला हवा लागते. ती कोंडली की मूळ गुदमरतं, मग रोगकारक बुरशी शिरते.

यावर सरसकट कार्बेन्डाझिम ओतणं हा सगळ्यात महागडा गैरसमज. फ्युझॅरियम, रायझोक्टोनियावर ते चालतं. पिथियम आणि फायटोफ्थोरा मुळात खऱ्या बुरशीच नव्हेत. त्यांना मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिलसारखं औषध लागतं. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक कळत नाही. शिवाय कुजलेलं मूळ कुठल्याच औषधाने जिवंत होत नाही, त्यामुळे आधी कात्री. ती ज्योतीवर तापवून घ्यावी, दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुन्हा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला. सगळ्या मुळांवर भुरभुरली तर ती चांगली मुळंही सुकवते.

जुनं कोकोपीट किंवा मॉस टाकून द्या. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं आणि भरपूर भोकांची कुंडी एवढं पुरे. तीन-चार दिवस पाणी नको, आणि नवं मूळ फुटेपर्यंत खत तर अजिबात नको.

मुळांची फक्त टोकंच काळी पडत असतील, तर संशय टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर घ्यावा. क्षार साठून टोकं जळतात. त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग शून्य. पावसाचं पाणी धरून ठेवलं असेल तर त्याने कुंडी महिन्यातून एकदा खळखळून धुवावी.