निचऱ्याचं पाणी काय सांगतं

मातीविना शेती शहरी हौसेची, असं अनेकांना वाटतं. आमच्या मावळात मात्र ती गरजेपोटी आली. पॉलिहाऊसमधल्या लाल मातीच्या त्याच वाफ्यांवर वर्षानुवर्षं ढोबळी मिरची घेतली, की सूत्रकृमी वाढतात, मुळांवर गाठी येतात आणि झाडं पिवळी पडतात. दर वेळी नवी माती आणणं परवडत नाही. म्हणून आम्ही वाफे मोडले आणि ढोबळी कोकोपीटच्या पिशव्यांत लावली.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कच्च्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. म्हणून तो आधी धुवून, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून घ्यावा लागतो. पाणी आणि हवा तो छान धरतो, पण झाडाला लागणारं अन्न त्यात जवळजवळ नसतंच. शिवाय एका झाडाच्या वाट्याला जेमतेम काही लिटर भुसा येतो. जमिनीत मुळं ओलीच्या मागे खोल जातात. इथे भर उन्हात ड्रीपर तुंबला, तर दुपारीच झाड मान टाकतं. त्यामुळे पाणी थोडं थोडं, पण अनेक वेळा द्यायचं आणि प्रत्येक वेळी त्यातून खतही द्यायचं.

खतांसाठी दोन टाक्या लागतात. ‘अ’ टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड लोह; ‘ब’ टाकीत मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियम सल्फेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं. दोन्हींची घट्ट द्रावणं एकत्र केली, तर कॅल्शियमची सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडून साका बसतो आणि ड्रीपर बंद पडतात. पाण्याचा सामू 5.5 ते 6.2 च्या दरम्यान ठेवायचा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं की सामू चढतो, लोह मुळांना मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. अशा वेळी मोजून आम्ल द्यावं लागतं. मावळात पावसाची कमी नाही. दहा गुंठ्यांच्या छपरावर 1,000 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळपास 10 लाख लिटर, क्षार जवळजवळ नसलेलं पाणी मिळतं. ते शेततळ्यात साठवणं हे माझ्या मते पहिलं खत आहे.

या शेतीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र टाकीत नसतो, तो पिशवीखालून गळणाऱ्या पाण्यात असतो. आमच्याकडच्या मावशी रोज दोन गोष्टी वहीत लिहितात : दिलेल्या पाण्यापैकी किती टक्के खाली आलं आणि त्याची ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, किती. निचरा 20 ते 30 टक्के असावा. आत जाणारं पाणी 2.2 ईसीचं असेल आणि बाहेर येणारं 3 च्या आसपास, तर चिंता नाही. ते 4 वर गेलं, तर झाड खत मागे ठेवून पाणीच जास्त पितंय आणि पिशवीत क्षार साठतायत.

नेमक्या याच वेळी फळाच्या टोकाला काळा, दबलेला डाग दिसू लागतो आणि शेतकरी कॅल्शियम वाढवतो. पण कॅल्शियम झाडात चढतं ते पाण्याबरोबरच. खारट झालेल्या पिशवीतून मुळांना पाणी ओढणंच जड जातं. त्यावर उपाय उलटा : खताची ईसी थोडी उतरवा, पाण्याच्या पाळ्या वाढवा, निचरा वाढू द्या. एप्रिलच्या उन्हात हेच करायचं. आषाढात आभाळ उतरलं की झाड कमी पितं. तेव्हा पाळ्या कमी आणि ईसी थोडी जास्त. पहिली पाळी सूर्योदयानंतर तास-दोन तासांनी, शेवटची मावळतीच्या बरीच आधी. रात्रभर चिंब राहिलेल्या पिशवीत पांढरी मुळी गुदमरते. शेतकऱ्याला वाफसा कळतो; तोच वाफसा इथे आकड्यांत पाहायचा.

हे सारं महागड्या यंत्रांशिवाय होत नाही, असं समजू नका. शोल्टो डग्लस यांनी 1946 मध्ये कालिम्पाँगला मातीविना शेतीची साधी, स्वस्त पद्धत उभी करायला घेतली, तेव्हा संगणक नव्हते. ईसी-सामूचा मीटर, मोजपात्र आणि वही एवढ्यावर नव्या माणसाने सुरुवात करावी, ऑटोमेशन नंतर.

एक जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. 2,500 झाडांना रोज दोन-दोन लिटर पाणी दिलं आणि पाव हिस्सा गळला, तर 1,250 लिटर निचरा होतो; त्याची ईसी 3 धरली, तर त्यात सुमारे सव्वादोन किलो क्षार असतात. ते ओढ्यात सोडले, तर नायट्रेट शेजाऱ्याच्या विहिरीत उतरणार. आम्ही तो निचरा टाकीत गोळा करतो, साध्या पाण्यात मिसळतो आणि बाहेरच्या नेपियर गवताला देतो. पिशव्या लावायच्या आधीच या पाण्याची वाट आखून ठेवा.