मी, मले, मी आणि 'मी': छोटे शब्द सारखे का दिसतात?

वर्ध्यातून बोलतोय. ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, बसमध्ये रेंज नाही किंवा इअरफोनची एकच बाजू चालू आहे, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिखित रूप. बोललेलंच आहे, थोडं नीट करून.

सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. तुम्हालाही आला असेल. 'मी' म्हणजे इंग्रजीतलं 'मी', 'तू' म्हणजे फ्रेंचमधलं 'त्यू', 'नाव' म्हणजे 'नेम', 'आणि' म्हणजे 'अँड'. खाली निष्कर्ष: युरोपच्या सगळ्या भाषा आपल्याकडूनच गेल्या. आणि त्याच्याखाली झेंडा.

आता गंमत अशी आहे की ही यादी पूर्ण खोटी नाही. अर्धी खरी आहे, म्हणूनच ती धोक्याची. आज आपण बघू की यातलं खरं कोणतं, खोटं कोणतं, आणि ते ओळखायचं कसं. शेवटी आपल्याच जिल्ह्यात येऊ, कारण या प्रश्नाचा एक भारी पुरावा इथेच मिळालेला आहे.

एक शब्द नाही, रांग बघा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. दोन भाषांमधला एक शब्द सारखा दिसला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शब्द जितका छोटा, तितका योगायोग सोपा. एका-दोन अक्षरांचे आवाज असून असून किती असणार?

उदाहरण घ्या. 'न' आपल्याकडे नकार. संस्कृतात न, फारसीत न, रशियनमध्ये न्येत, इंग्रजीत नो, जर्मनमध्ये नाइन. मग ग्रीसमध्ये कोणी 'ने' म्हणालं तर? तुम्ही म्हणाल, नाही म्हणतोय. चूक! ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. आणि कोरियन ड्रामा बघणाऱ्यांना माहीतच आहे, तिकडेही 'ने' म्हणजे हो. ग्रीक आणि कोरियनचं काही नातं नाही. निव्वळ योगायोग.

युरोपातलंच अजून एक. स्पॅनिशमध्ये 'आणि' साठी 'ई' म्हणतात. रशियनमध्येही 'ई' म्हणतात. आवाज तोच, अर्थ तोच. पण स्पॅनिशचा 'ई' लॅटिनच्या 'एत' पासून झिजत आला, आणि रशियनचा 'ई' वेगळ्याच मुळातून. दोन वेगळ्या गावांहून निघालेल्या बस एकाच स्टँडवर लागल्या, एवढंच.

मग नातं ओळखायचं कसं? रांग लावून. आपले तीन रोजचे शब्द घ्या: दोन, दहा, दात. लॅटिनमध्ये हेच दुओ, देकेम, देन्स. इंग्रजीत टू, टेन, टूथ. दिसलं का? मराठीत द, लॅटिनमध्ये द, इंग्रजीत प्रत्येक वेळी ट. एकदा नाही, तिन्ही वेळा.

आता दुसरी रांग: तू, तीन, तहान. इंग्रजीत तीनला थ्री, तहानेला थर्स्ट, आणि जुन्या इंग्रजीत 'तू' साठी चक्क 'थू' म्हणायचे. हसू नका, खरंच. म्हणजे आपला त तिकडे थ.

हा बदल नियमाने होतो, हे याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलं. हो, तोच ग्रिम, ज्याने भावासोबत परीकथा गोळा केल्या. त्याच्या आधी 1786 मध्ये कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने म्हटलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येणं शक्य नाही, त्या एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नसेल. हे नीट ऐका. संस्कृतातून लॅटिन आली असं तो म्हणाला नाही. तिघी बहिणी आहेत, आणि आई दुसरीच कोणीतरी. फॉरवर्डवाले नेमकी इथेच गल्ली चुकतात. थोरल्या बहिणीला आई करून टाकतात.

'डे' आणि 'दिवस'

आता नियम हातात आहे, तर तो चालवून बघू. इंग्रजीत 'डे', स्पॅनिशमध्ये 'दिआ', लॅटिनमध्ये 'दिएस', मराठीत 'दिवस'. चारही द-ड ने सुरू, चारही एकाच अर्थाचे. नातेवाईकच वाटतात ना?

थांबा. नियम काय सांगतो? आपला द इंग्रजीत ट व्हायला पाहिजे. 'डे' मध्ये तो ट झालाच नाही. म्हणजे 'डे' या घरातला नाही! आपला दिवस आणि स्पॅनिशचा दिआ हे खरे भाऊबंद, आणि इंग्रजीचा डे हा नुसता सारखा दिसणारा शेजारी.

मग इंग्रजीतला खरा नातेवाईक कुठे गेला? तो 'ट्यूजडे' मध्ये लपलाय. त्यातला 'ट्यूज' म्हणजे 'टिव' नावाचा जुना देव, आणि तो आपल्या 'देव' शब्दाचा सख्खा. द चा ट झालेला आहे, बघा. म्हणजे 'ट्यूजडे' मध्ये पुढचा अर्धा भाग आपला, मागचा नाही.

फॉरवर्डमधल्या 'आणि' आणि 'अँड' चंही तसंच. आपल्या 'आणि' चं मूळ अभ्यासक 'अन्य' या शब्दाशी जोडतात, म्हणजे 'दुसरं'. त्यात ड कुठेच नव्हता. 'अँड' चं कूळ जर्मनच्या 'उंड' सोबत जातं. वऱ्हाडीत आपण 'अन्' म्हणतो तेव्हा ते अजूनच इंग्रजीसारखं वाटतं, पण नातं नाही. मात्र 'नाव' आणि 'नेम' खरं आहे. 'तू' आणि 'त्यू' खरं आहे. आपल्या 'मी' मधला म आणि इंग्रजीच्या 'मी' मधला म, हेही खरं.

साम्याची अजून दोन कारणं

एक, उसनवारी. चावी, पगार, पाव हे शब्द पोर्तुगीज आहेत. 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांचे शब्द किनाऱ्याकडून देशावर चढले. बटाटाही त्यातलाच. आपल्याकडे विदर्भात मात्र आलूच. उसने शब्द नियम पाळत नाहीत. म्हणून इंग्रजीत दाताला 'टूथ', पण दातांच्या डॉक्टरला 'डेंटिस्ट'. टूथ घरचा, डेंटिस्ट लॅटिनच्या घरून आणलेला, म्हणून त्याचा द-ड तसाच राहिला.

दोन, लहान बाळं. मामा, पापा, बाबा हे आवाज जगभर सापडतात, कारण बाळाच्या ओठांना म, प, ब सगळ्यात सोपे. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने यावर एक प्रसिद्ध लेख लिहिलाय. आवाज बाळ काढतं, अर्थ घरचे ठरवतात. म्हणून इटलीत 'मामा' म्हणजे आई, आपल्याकडे आईचा भाऊ, आणि जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क बाप!

आता 'काऊन' कडे

आपल्या इकडची पोरं पुण्या-मुंबईला शिकायला गेली की पहिला महिना 'काऊन', 'मले', 'तुले' गिळायला शिकतात. कोणी हसू नये म्हणून. मला हे कायम खटकतं.

तर ही रांग बघा. मराठीत प्रश्न विचारायचा म्हणजे क: कोण, काय, कुठे, कधी, किती. लॅटिनमध्ये क्विस म्हणजे कोण, क्वांदो म्हणजे कधी, क्वोट म्हणजे किती. बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनियनमध्ये कोणला 'कास', कुठेला 'कुर', आणि कधीला 'कादा'. संस्कृतात 'कदा'. इंग्रजीत हा क घासून ह झाला. 'व्हॉट' पूर्वी 'ह्वॅट' होतं, म्हणून 'हू' आणि 'हाऊ' मध्ये अजून ह ऐकू येतो.

'काऊन' याच रांगेत उभा आहे. 'मले' मधला म याच घरातला आहे. याचा अर्थ वऱ्हाडी पुणेरीपेक्षा थोर, असं नाही. दोन्ही तितक्याच जुन्या, दोन्ही तितक्याच बदललेल्या. 'काऊन' हा 'का' चा बिघडलेला अवतार नाही, एवढंच म्हणायचंय.

पण वर्धा म्हणजे फक्त मराठी नाही

आता तीन आणि चार हे आकडे घ्या. गोंडीत मुंड, नालुंग. कोलामीत मूंदिंग, नालिंग. तेलुगूत मूडू, नालुगू. ही रांग आपल्या तीन-चारला, थ्री-फोरला कुठेच लागत नाही. पण आपसात? फिट्ट लागते. हे वेगळं घर आहे, द्राविड भाषांचं. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम पाड्यावरच्या आजीचे आकडे तिच्या मराठी बोलणाऱ्या शेजारणीपेक्षा हैदराबादच्या माणसाला जवळचे. आणि त्या शेजारणीचे आकडे लिथुआनियाच्या माणसाला!

हे कागदावर आणणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे मरे एमेनो. कॅनडात जन्मलेला, पुढे अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक झालेला माणूस. 1930 च्या दशकात तो भारतात होता, आणि वर्धा जिल्ह्यातल्या कोलामी बोलणाऱ्यांकडून त्याने ती भाषा टिपून घेतली. 1955 मध्ये त्याचं कोलामीवरचं पुस्तक आलं. 1956 मध्ये त्याने एक लेख लिहिला, ज्याचा मुद्दा असा की भारतात वेगवेगळ्या घरांच्या भाषा शेजारी राहून एकमेकींच्या सवयी उचलतात. आपण 'चहा-बिहा' म्हणतो ना? तेलुगूत तेच 'गि' लावून करतात, 'पुलि-गिलि', म्हणजे वाघ-बिघ. रक्ताचं नातं नाही, शेजाराचं आहे.

त्याच काळात, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला, वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नई तालीम तिथून निघाली. त्या परिषदेचा एक ठराव होता: शिक्षण मातृभाषेतून द्यावं. ठराव आपल्या गावात झाला. पण त्याच जिल्ह्यातल्या कोलामाच्या पोराला आजही शाळेत पहिल्या दिवशी मराठीच ऐकू येते, आणि त्याच्या घरच्या बोलीला लोक सर्रास 'बिघडलेली मराठी' म्हणतात. मूंदिंग हे तीनचं बिघडलेलं रूप कसं असेल? ते त्या घरातलंच नाही. आपल्या 'काऊन' वर हसलं की आपल्याला राग येतो. तोच राग इथेही यायला पाहिजे.

म्हणून एक काम देतो. पुढच्या वेळी असा फॉरवर्ड आला, तर एक शब्द बघून झेंडा लावू नका, अजून दोन शब्द मागा. आणि तुमच्या ओळखीत कोणी कोलामी किंवा गोंडी बोलणारं असेल, तर विचारून, त्यांची परवानगी घेऊन, एक ते दहा आकडे मोबाइलवर रेकॉर्ड करा. कोणता आकडा घरचा आणि कोणता शेजारून आणलेला, हे ऐकतानाच कळायला लागतं.

पुढचा भाग गावांच्या नावांवर. भेटू.