व्हिल्मोरीन घराण्याचा बियाण्यांचा धंदा

फ्रान्समधील व्हिल्मोरीन पेढीच्या स्थापनेचें साल १७४३ मानलें जातें. पॅरिस येथें क्लोद जोफ्रुआ व तिचा पति पिएर आंद्रिये हें दांपत्य बीं विकीत असे. १७७४ सालीं त्यांचे जांवई झालेले फिलिप-व्हिक्त्वार द व्हिल्मोरीन यांजकडे पुढें धंदा आला. १८१५ सालीं व्हेरिएर येथें जमीन घेतल्यावर दुकानास चाचणीच्या शेताची जोड मिळाली. घराण्याचें खरें भाग्य तेथेंच उदयास आलें, असें आम्हांस वाटतें.

साखरेचें बीट पहिल्या वर्षीं कंद वाढवितें व दुसऱ्या वर्षीं बीं धरतें. लुई द व्हिल्मोरीन यांनीं कंदांच्या रसाचें विशिष्टगुरुत्व पाहून गोड कंद बियाण्यास राखले आणि प्रत्येक कंदाचें बीं निरनिराळें पेरलें. तेव्हां दिसून आलें कीं, दोन कंद सारखेच गोड असले तरी एकाची संतति गोड निघते, दुसऱ्याची निघत नाहीं. बियाण्यासाठीं निवडलेलीं टपोरीं कणसें एकत्र मळणाऱ्यास हा भेद कधींच कळावयाचा नाहीं! हा शोध १८५६ सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांचे पुत्र आंरी यांनीं संकरानें गव्हाच्या नव्या जाती काढल्या. घराण्याची मालकी पुढें गेली. १९७५ सालीं लिमाग्रें या ओव्हेर्न्य प्रांतांतील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनें ही पेढी विकत घेतली.